कमांडर साहेब विहिरीत उतरले तो रविवार

कमांडर साहेब गेल्याचा निरोप कंपनीच्या गेटवर आला, तेव्हा मी चिंचवडच्या आमच्या शेडमध्ये नव्या मुलांची हजेरी घेत होतो. पुढचं नाव वाचलंच गेलं नाही... त्याला आता महिना होत आला.

एकाहत्तरच्या युद्धात त्यांनी पेटलेलं जहाज बंदरात परत आणलं होतं. पेपरात फोटो, छातीवर पदक, गावोगावी सत्कार. निवृत्त झाल्यावर ते आमच्या कंपनीत प्रशिक्षण विभागाचे प्रमुख म्हणून आले. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. मुलाखतीत इंग्रजीत अडखळलो, तर म्हणाले, "मराठीत सांगा. मशीनला दोन्ही कळत नाहीत." त्या एका वाक्यावर माझा संसार उभा आहे.

त्यांचा एक हट्ट होता. दर रविवारी सकाळी आम्हा शिकाऊ मुलांना सायकलींवरून महाळुंग्याला न्यायचे आणि तिथले शेतकरी सोपानतात्या यांच्या पायऱ्यांच्या विहिरीत उताणं पडून राहायला शिकवायचे. पोहायला नाही, नुसतं तरंगायला. खेड्यात पाठीला भोपळा बांधून शिकतात. साहेबांना भोपळा चालत नसे. स्वतः मात्र वरच्या पायरीवर बुटांसकट बसून सूचना द्यायचे. सगळे शिकले, मी सोडून. पाठ पाण्याला टेकली की आभाळ फिरायचं आणि मी हातपाय झाडायचो. "आरं भावा, पाणी तुला खात न्हाई, तूच त्याला पितोयस!" आमच्यातला इब्राहिम वरून ओरडायचा.

एका रविवारी बाकीचे निघून गेल्यावरही साहेबांनी मला थांबवलं. "पुन्हा." नाकातोंडात पाणी गेलेलं, अंगात राग. मी बोलून गेलो, "साहेब, तुम्ही तरी कुठे उतरता?"

"आरं पोरा, कुनाला काय बोलतुयास?" काठावरून तात्या म्हणाले. साहेब पाण्याकडे बघत हळूच म्हणाले, "जहाज पेटलं तेव्हा काहींनी समुद्रात उड्या टाकल्या. उजाडल्यावर आम्ही शोधत फिरलो. हातपाय मारत राहिले ते दमले. शांत पडून राहिलेले सापडले... त्यानंतर मी पाण्यात गेलो नाही."

त्यांनी बूट काढले. घड्याळ तात्यांकडे दिलं. शर्ट-पँटसकट एकेक पायरी उतरताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, आणि दर पायरीला त्याची पकड घट्ट होत होती. मला माझी भीती आठवेना. त्यांना सांभाळता सांभाळता मी कधी उताणा झालो, कळलं नाही. कान पाण्याखाली गेले. पाखरं, तात्यांची हाक, लांबच्या रस्त्यावरचे ट्रक, सगळं विरघळलं. वर विहिरीएवढं गोल आभाळ, त्यात न हलणारा एक ढग. शेजारी साहेब, डोळे मिटलेले, पांढरा शर्ट पाण्यावर फुगलेला. किती वेळ गेला, सांगता येत नाही. कधी कधी वाटतं, आम्ही अजून थोडे तिथेच आहोत...

साहेब गेल्यावर त्यांच्या पत्नीला, काकूंना, भेटायला गेलो, तेव्हा हे सगळं त्यांना सांगितलं. साहेबांनी घरी एक अक्षर काढलं नव्हतं. काकू परसातल्या दोरीकडे बघत म्हणाल्या, "लढाईवरून आल्यापासून नदीच्या काठालासुद्धा जायचे नाहीत. त्या रविवारी ओल्या कपड्यांनी दारात उभे. मी काही विचारलं नाही रे. कपडे वाळत घातले... वाळले, तरी दोन दिवस काढलेच नाहीत."