हामूर सोडून दिला तो शुक्रवार

मी मासे खात नाही. नाशिकला असताना खात नव्हते आणि कतारमध्ये अकरा वर्षं काढल्यावरही खात नाही. तरी गेल्या उन्हाळ्यात मी ओळीने कितीतरी शुक्रवार, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, पहाटे उठून मासेमारीला गेले. कारण साधं होतं. मला होडी चांगली वल्हवता येते. पोहायला मी चाळिशीनंतर शिकले, कंपनीच्या क्लबमधल्या तलावात, आणि त्यानंतर वल्हं हातात घेतलं ते ठेवलंच नाही.

आम्ही तिघी होतो. एक मूळची वसईची, इथे हॉस्पिटलात नर्स, अल हिलालला राहणारी. तिचं अर्धं लहानपण वडिलांबरोबर समुद्रावर गेलेलं. गळाला आमिष म्हणून माकुलाचा तुकडा ती बोलता बोलता, हाताकडे न बघता लावते. दुसरी पुण्याची, पंचावन्नच्या पुढची, मदिनत खलीफात राहणारी. तिला आम्ही दोघी ताई म्हणतो. देश सोडून निघालेल्या एका सहकाऱ्याकडून तिनेच दोन होड्या घेतल्या होत्या. एक लांबट, दोघींनी बसायची कनू आणि दुसरी एकटीपुरती छोटी. तिच्या घरात कोणालाच ते पसंत नव्हतं. मुलगा म्हणाला, "आई, इट्स फॉर्टी-फोर डिग्रीज आउटसाइड!" ताईने शांतपणे सांगितलं, "पहाटे पाचला नसतात. तू झोपलेला असतोस."

मी नोकरी करते मेसईदच्या खत कारखान्यात. तिथे अमोनिया असतो, त्यामुळे गेटमधून आत शिरताना पहिली नजर जाते ती विंडसॉककडे, म्हणजे वारा कुठून वाहतोय ते दाखवणाऱ्या केशरी कापडी नळीकडे. गळती झालीच तर वाऱ्याच्या दिशेला आडवं पळायचं असतं. इतक्या वर्षांत ती सवय अंगात भिनली आहे. बाजारात गेले तरी मी झेंडे बघते, पामच्या झावळ्या बघते. नवरा चेष्टा करतो, पण मला वारा कळतो, हे मी छातीठोकपणे सांगू शकते.

त्या शुक्रवारी आम्ही मेसईदच्या दक्षिणेच्या किनाऱ्यावर गेलो. उजाडायच्या आत होड्या गाडीवरून उतरवल्या, लाइफ जॅकेटं चढवली, फोन प्लास्टिकच्या बंद पिशव्यांत टाकले. किनाऱ्यापासून अर्धाएक किलोमीटरवर पाण्याखाली खडक आहेत, तिथे हामूर असतात. हामूर म्हणजे इथला सगळ्यात मानाचा मासा. वसईची म्हणायची, "आमच्याकडे ह्यालाच हेकरू म्हणतात. नाव कतारी लावलं म्हणून चव बदलत नाही." तिला आतापर्यंत शेरीच मिळाले होते, हाताच्या पंजाएवढे, फार तर थोडे मोठे. हामूर एकदाही नाही. वसईला तिचे वडील गुडघ्यांमुळे घरी बसले होते. दर शुक्रवारी फोनवर ते एवढंच विचारायचे, "आज काय?" आणि ती म्हणायची, "शेरी."

मी मोठ्या होडीत मागे बसले, वसईची पुढे. खडकांवर पोचल्यावर मी नांगर टाकला. ताई तिच्या छोट्या होडीत पंचवीस-तीस हातांवर होती. तिच्याकडे नांगर नव्हता. अधूनमधून दोन हात मारून ती जागेवर यायची. समुद्र सपाट पडला होता. हवा इतकी दमट की चष्मा पुसून पुसून मी कंटाळले आणि शेवटी काढून ठेवला. पहिल्या तासात दोन शेरी मिळाले. ताईने होडी जवळ आणून थर्मासमधला चहा काढला, एक कप वल्ह्याच्या पात्यावर ठेवून आमच्याकडे पुढे केला, आणि तो पोचायच्या आत समुद्रात पडला. खूप हसलो.

मग वसईचीची गळाची काठी एकदम कमानीसारखी वाकली.

"धर, होडी धर!" ती ओरडली. मी वल्हं पाण्यात रोवून होडी सरळ ठेवली. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, सरसर सुटत होता. तिने चार-पाच वेढे ओढून घेतले, पुन्हा सुटले, पुन्हा ओढले, आणि अचानक सगळं थांबलं. तंगूस ताणलेला, पण हलेना.

"कपारीत शिरला," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "हामूरच आहे. मोठा. आता सैल सोडून गप्प बसायचं. त्याला वाटलं सगळं शांत झालं की तो बाहेर येतो. बाबा असंच करायचे."

आम्ही गप्प बसलो. किती वेळ, सांगता येणार नाही. पाच मिनिटं असतील, दहा असतील. ती तंगुसावर बोट ठेवून पाण्यात बघत होती आणि मी तिच्या पाठीकडे. तेव्हा माझ्या हातांवरचा घाम सुकला.

सकाळपासून जो काही वारा होता तो समुद्राकडून, ओलसर. हा कोरडा होता आणि मानेमागून येत होता, जमिनीकडून. शमाल. उन्हाळ्यात तो उत्तर-पश्चिमेकडून सुटतो आणि आमच्या या किनाऱ्यावर त्याचा अर्थ एकच, होडी आत समुद्रात जाणार. मी चष्मा लावला आणि ताईला शोधलं. ती पंचवीस हातांवर नव्हती. दोनशे हातांवर होती. आमच्याकडे तोंड करून जोरजोरात वल्ही मारत होती, आणि तरी दर मिनिटाला लहान होत होती.

"तंगूस काप," मी म्हटलं.

"वेडी आहेस का? आत्ता बाहेर येईल तो."

"मागे बघ."

तिने वळून पाहिलं. मग कमरेची सुरी काढली आणि तंगूस कापला. ती एवढ्या पटकन कापेल असं मला वाटलं नव्हतं. समजवायला मी दोन वाक्यं तयार ठेवली होती, ती तशीच राहिली.

नांगर वर घेतला आणि आम्ही वाऱ्याबरोबर निघालो. जाताना सोपंच होतं, वारा ढकलत होता. ताईजवळ पोचलो तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला होता आणि ती म्हणाली, "सॉरी गं, मला वाटलं मी येईन." मी तिची होडी आमच्या मागे दोरीने बांधली आणि तिला वल्हवणं बंद करायला लावलं. गाडी जिथे उभी होती तो किनारा समोर दिसत होता. वसईची तिकडेच वळायला लागली.

"तिकडे नाही," मी म्हटलं. "वाऱ्याच्या तोंडावर गेलो तर अर्ध्या वाटेत दमू. ते दक्षिणेचं टोक बघ, वाळूचं, समुद्रात घुसलेलं. तिथे तिरकं जायचं. वारा कुशीवर घ्यायचा."

"पोचू?"

"पोचू. वीस मिनिटांत टोक जवळ आलं नाही तर कोस्टगार्डला फोन करू. रेंज आहे, मी बघितली. यल्ला, चल, मी म्हणेन तसं मार."

मी आकडे म्हणत गेले आणि आम्ही दोघी एकाच तालात मारत गेलो. लाटा बारीक पण तोंडावर उडणाऱ्या. खारं पाणी डोळ्यांत जात होतं. मला भीती वाटली का? खरं सांगायचं तर ताईला शोधलं त्या क्षणी वाटली. एकदा दिशा ठरल्यावर नाही वाटली. काम होतं आणि ते मला येत होतं. अठराव्या मिनिटाला वल्हं वाळूला लागलं.

वाळूवर उतरलो तेव्हा साडेसात झाले होते आणि ऊन चढलं होतं. गाडी दीड किलोमीटरवर. होड्या ओढत वाळूवरून चालणं शक्य नव्हतं. मग आम्ही गुडघाभर पाण्यातून चालत निघालो. ताईला मोठ्या होडीत बसवलं, छोटी मागे बांधली आणि दोघींनी दोरी खांद्यावर घेतली. नर्सबाई आता पूर्ण नर्स झाली होती. दर थोड्या वेळाने ताईच्या डोक्यावरचा रुमाल भिजवायची, घोट घोट ओआरएस पाजायची, नाडी बघायची. माशाबद्दल चकार शब्द नाही. मला वाटलं, रागावली.

अर्धं अंतर गेल्यावर ती म्हणाली, "मोठा होता गं."

"हो."

"मी आधी मागे बघायला हवं होतं. नांगर आपल्याला होता, तिला नव्हता."

"मीही उशिरा बघितलं. तुझ्या पाठीकडे बघत बसले."

होडीतून ताई म्हणाली, "मी इथेच आहे. ऐकू येतंय मला."

गाडीत एसी लावून बसल्यावर वसईला फोन लागला. वडिलांनी नेहमीचा प्रश्न विचारला. तिने सगळं सांगितलं, हामूर कपारीत गेल्यापासून वाळूच्या टोकापर्यंत. ते म्हणाले, "वारा फिरल्यावर मी दोनदा जाळं कापून टाकलंय. घरी आल्यावर तुझ्या आईला खोटं सांगितलं, की खडकाला अडकून फाटलं. तू खरं सांगितलंस, बरं केलंस." ती फोन ठेवून रडली, मग नाक पुसून म्हणाली, "चला, भूक लागली."

दुपारी अल हिलालला तिच्या घरी तिच्या नवऱ्याने शेरी तळले. मी दहीभात खाल्ला. ताई सोफ्यावर झोपून गेली. चार वाजता उठली तेव्हा चेहऱ्याचा रंग परत आला होता. मुलाचे नऊ मिस्ड कॉल होते. तिने त्याला फोन लावला आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "अरे, काही नाही, वारा सुटला होता. एक्स्पर्ट बरोबर होती."

पुढच्या शुक्रवारी आम्ही गेलो नाही, कारण शमाल आठवडाभर वाहत होता. त्याच्या पुढच्या शुक्रवारी गेलो. ताईने मेसईदच्या बाजारातून स्वतःसाठी नांगर आणला होता, तिच्या होडीच्या मानाने जरा जडच. वसईचीला एक हामूर मिळाला, पण लहान. लहान हामूर ठेवायचा नसतो. तिने दोन्ही हातांनी त्याला पाण्यात धरून ठेवलं, त्याचे कल्ले नीट हलायला लागेपर्यंत, आणि मग हात उघडले.