तळ्याकाठचं बाक

उत्तर आयर्लंडातल्या बेलफास्टच्या विमानतळावर उतरलो आणि पहिला विचार आला, परत कधी? सहा महिन्यांनी. मुलगी सुनंदा तिथून तासाभरावरच्या गावात नर्स आहे. तिची आई, म्हणजे आमची ही, गेल्यावर अण्णा एकटे नकोत म्हणून तिनं बोलावून घेतलं. एकटेपणा काय, सामानाबरोबर तोही आला.

साल दोन हजार पाच. घरात बूड टिकेना. दिवसातून चारदा गावातल्या तळ्यावर जायचो. आदल्या वर्षी ही सुनंदाच्या बाळंतपणाला आली होती तेव्हा नातीची गाडी ढकलत तिथंच जायची. गुडघे दुखायचे, पण सगळा फेरा मारला तरी एक बाक नाही. दगडी कठड्याला टेकायची. फोनवर म्हणाली होती, "इथं कुणाला तरी सांगायला पाहिजे." मी म्हणालो, "परदेशात आपलं कोण ऐकतंय? गप बस." तेच आता टोचत होतं.

मे महिन्यात काउन्सिलची (तिथली नगरपालिका) निवडणूक लागली. तिथं राहणाऱ्या भारतीयालाही मत असतं, त्यामुळं सुनंदाचं नाव यादीत होतं. मी चौथी शिकलेला, पण ग्रामपंचायतीत शिपाई म्हणून जन्म काढला. दारात आलेल्या उमेदवाराला पक्ष न विचारता चहा द्यायचा, एवढं मला कळतं. गावी ही तर ओवाळायचीसुद्धा. एका दुपारी हातात कागद घेतलेला एक जण आला. सुनंदा वर नातीला निजवत होती. मी त्याला खुणेनं आत घेतलं. चहा उकळतोय तोवर दुसरा उमेदवार हजर. त्यालाही शेजारची खुर्ची दिली. दोघं एकमेकांकडं बघून दगड झाले.

सुनंदा जिन्यातच थबकली. "अण्णा, काय केलंत हे! हा कॅथलिक, तो प्रॉटेस्टंट. यांच्या दोन बाजूंचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर आहे. रस्त्यात ओळखसुद्धा देत नाहीत."

"मग चहानं काय घोडं मारलंय? बसा म्हणावं."

पहिल्यानं घोट घेतला. "ग्रँड," म्हणाला. (झकास.) मग मतदान कसं करायचं ते दोघं सांगू लागले, एकमेकांचं वाक्य तोडत, आणि सुनंदा मला मराठीत सांगत होती. शिक्का नाही, फुली नाही. नावांपुढं आवडीप्रमाणं आकडे घालायचे, एक, दोन, तीन. एका भागातून पाच-सहा जण निवडून जातात. सगळ्यात मागं पडलेला बाद झाला, की त्याची मतं ज्याच्या त्याच्या दोन नंबरला जातात. अध्यक्ष सदस्यच निवडतात, तोही वर्षापुरता. रस्ते, शाळा त्यांच्या हातात नाहीत. कचरा, बागा, दफनभूमी असलं बघतात.

"एक नंबर नाही दिलात तर दोन द्या," पहिला म्हणाला.

"मला तीनसुद्धा चालेल," दुसरा म्हणाला.

"बागा यांच्याकडं ना?" मी सुनंदाला म्हणालो. "मग सांग. तळ्यावर बाक पाहिजे. तुझ्या आईचे गुडघे दुखायचे."

तिनं सांगितलं. एकानं लिहून घेतलं, ते बघून दुसऱ्यानंही.

सुनंदानं कुणाला कितवा आकडा दिला, मी विचारलं नाही. मोजणी संपली तेव्हा दोघंही निवडून आले होते. बागांच्या समितीत एकानं बाकाची सूचना मांडली, दुसऱ्यानं अनुमोदन दिलं. माझ्या परतीच्या आठवड्यात बाक बसवलं.

"बसा की, अण्णा," सुनंदा म्हणाली.

बसलो. उठलो. एक फेरा मारला, पुन्हा बसलो, पुन्हा उठलो.

आता गावी आलोय. लोक विचारतात, विलायत कशी? मी म्हणतो, बरी आहे, सांगितलं की ऐकतात. पुढचं सांगत नाही. एक कप चहा आणि एक वाक्य, एवढंच लागलं. ते वाक्य हिच्याकडं तयार होतं. "गप बस," मी म्हणालो.