डाव्या कोपऱ्यातली आमची जोडी

कबड्डीत माझी मैत्रीण डाव्या कोपऱ्यात उभी राहायची आणि मी तिच्या शेजारी, हातात हात धरून. चढाईवाली आत आली की घोटा धरायचा तिनं आणि वरून कंबर आवळायची मी. ती कधी सूर मारणार हे मला तिच्या हाताच्या ताणावरूनच कळायचं. आमचे सर एकच गोष्ट घोकून घ्यायचे: कोपऱ्यातली झेपावली की शेजारणीनं विचार करत बसायचं नाही, जायचं. जिल्ह्याच्या संघात आम्ही दोघी त्याच जोरावर टिकलो.

खेळ सुटला, लग्नं झाली, दोघी कर्जतलाच राहिलो. खेळाडू म्हणून कुठंतरी नोकरी लागेल ही आशा वय उलटलं तरी सुटत नव्हती. शेवटी तीच म्हणाली, "चल गं, पोळीभाजी केंद्र टाकू." टाकलं. शेलूच्या नव्या इमारतींत नोकरीवाल्या जोडप्यांकडे आमचे डबे जाऊ लागले. गावोगावच्या सामन्यांत आम्हाला स्टेजवर बोलावून 'यशस्वी उद्योजिका' म्हणून शाल-नारळ देऊ लागले. आम्ही एकमेकींना कोपरानं ढोसून हसायचो. पण खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

मग कोंडाणे लेण्यांच्या वाटेवरच्या एका फार्महाऊसचा मालक आला. पाहुण्यांचं रोजचं सगळं जेवण तुम्हीच सांभाळा म्हणाला. म्हणजे डबे बंद करावे लागणार. माझ्या मनात पाल चुकचुकली. डब्याचं गिऱ्हाईक एकदा गेलं की परत येत नाही, हे न कळण्याइतकी मी बावळट नव्हते. पण ती म्हणाली, "करू की." आणि माझ्याही तोंडून लगेच निघालं, "करू."

पावसाळा सरला, पाहुणे रोडावले आणि मालकानं स्वतःचा आचारी ठेवला. शेलूची माणसं तोवर दुसरीकडून पोळ्या घेऊ लागली होती. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

गाळा रिकामा करताना मी परात तिच्या पायाशी आदळली. "तुला दिसत नव्हतं का गं? कशाला हो म्हनलीस?"

"मी कुटं बगितलं?" ती म्हणाली. "मी गेले म्हंजे तू मागनं हायसच. तुला पटत नव्हतं तर बोलायचं ना."

"तू गेलीस म्हनून मी आले!"

मैदानात निदान चुकलं की शिट्टी तरी वाजते. खेळानं माणूस घडतो म्हणे! उचलली जीभ, लावली टाळ्याला, शाल देणाऱ्यांचं काय जातं? आम्ही घडलो होतो फक्त त्या मातीपुरत्या. यश म्हणजे ती शाल नव्हती, हे आता कळतं. ती लाटायची, मी भाजायची आणि सबंध सकाळ एक शब्द लागत नसे, ते यश होतं. कळलं, पण आता त्याचं करू काय?

ती आता खालापूरकडच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. मी घरीच असते. परवा बाजारात समोरासमोर आलो. "बरी हायस ना गं? गुडगा कसा हाय?" तिनं विचारलं. मी तिच्या मुलांचं विचारलं, सासूचं विचारलं. नुकतीच ओळख झालेल्या बायकांसारखं एकेक विचारून झालं, आणि मग विचारायला काही उरलं नाही.