शिल्लक गोळ्यांचा डबा

आमच्या घरी दुखणं सरलं तरी औषध सरत नसे. पोर जरा हसायला लागलं की सासूबाई गोळ्या थांबवायच्या. "उगं कशाला पोटात भर? ठेवा, कुणाच्या तरी कामाला येतील." उरलेल्या गोळ्या चहाच्या पत्र्याच्या डब्यात जायच्या. गल्लीत कुणाच्या लेकराला जुलाब झाले की बाया विरजण मागावं तशी गोळी मागायला यायच्या. मीही अर्धी-पाव मोडून द्यायची. त्याचा मला भारी तोरा होता.

निजामाचं राज्य जाऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. माझ्या धाकट्या लेकीला रक्ताचे जुलाब लागले. डब्यातली अर्धी गोळी दिली, मग आख्खी दिली. उतार पडेना. पोरीचे डोळे खोल गेले, रडायचंही त्राण उरलं नाही. तेव्हा कुठं सासूबाई आणि मी तिला एसटीनं उमरग्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी सलाईन लावलं, दुसरं औषध सुरू केलं आणि आधी काय दिलं ते विचारलं. मी डबाच पुढं केला. मला वाटलं, शाबासकी मिळेल!

त्यांनी डबा पाहिला आणि सासूबाईंना विचारलं, "आजी, खुरपणी अर्ध्यात सोडली तर काय होतं?"

"मऊ गवत जातं, चिवट हरळी ऱ्हाती."

"आणि मग?"

"मग समदं रान तिचंच."

"गोळ्या अर्ध्यात सोडल्या की जंतूंचंही तेच होतं. दांडगे तेवढे मागं राहतात. त्यांना आता ही गोळी लागू पडत नाही."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. पोर वाचली, आणि तिला घेऊन आम्ही एसटीनं परतलो.

घरी येऊन टेकते न टेकते तोच शेजारची भाभी दारात आली. सायकल दुरुस्त करणाऱ्याची ती बायको, विरजणालाही आमच्याकडंच यायची. आमचा दोघींचा आड एकच, आणि उमरग्याला नेईपर्यंत लेकीची दुपटी मी त्याच आडाच्या कट्ट्यावर धूत होते.

"वैनी, एक गोळी द्या की. लेकराला कालपासनं रक्त पडतंय."

गोळी नाही म्हटलं तर कंजूस ठरले असते. पण खरं सांगायचं म्हणजे त्याहून वाईट. शेवटी म्हटलं, "भाभी, ह्या गोळीनं काही होणार नाही. हे दुखणं आमच्याच घरातनं तुमच्याकडं आलंय. आत्ताच्या आत्ता उमरग्याला चला, मी येते."

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, "अल्ला! आन तुमी त्याच आडावर धुत व्हता?"

मी तिचं लेकरू उचललं आणि दोघी एसटीकडं धावत सुटलो.

पोर वाचलं. भाभी पुढंही हसून बोलायची, ईदला शीरखुर्मा पाठवायची. पण विरजण मागायला मात्र ती पुन्हा कधी आमच्या दारात आली नाही.