मोरपहाडीचे तीन पाइंट

रीताचा डावा पाय उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड. चौथीत असताना रेशमाचे कोसे काढायला म्हणून ऐनाच्या झाडावर चढली आणि फांदीसकट खाली आली. मांडीचं हाड मोडलं. गावातल्या वैदूनं बांबूच्या कामट्या बांधून ते जुळवलं, पण जरा वाकडं जुळलं. आंधळगावात याचं कोणाला काही वाटत नसे. विणकरांची वस्ती, माणूस बसून हात-पाय चालवू शकतो ना, मग झालं. रीता बापाच्या मागावर बसायची, आणि साडीचा करवती काठ तिच्यासारखा साफ काढणारं त्या गल्लीत दुसरं कोणी नव्हतं. तुमसरच्या चांभाराकडून तिनं डाव्या चप्पलेला जाड तळ लावून घेतला होता. ती घालून चालली की नवख्या माणसाला चार पावलं काही कळायचंच नाही. पाचव्याला कळायचं.

अठ्ठावीस वर्षांची होईपर्यंत तिला नऊ जण पाहून गेले. नऊही जणांनी चहा घेतला, चिवडा खाल्ला आणि शेवटी कोणीतरी म्हणालंच, "जरा चालून दाखव ना बाई." दारापासून तुळशीपर्यंत जायचं आणि परत यायचं. चप्पल काढून. आई नव्हती. बाप, बाबूलाल, तेव्हा छताकडे पाहत बसायचा.

दहावं स्थळ लाखनीचं होतं. हायवेला लागून भांड्यांचं दुकान, वर घर, तीन मजले. मुलगा भूषण तेहतीसचा, बोलायला कमी. त्याची आई सुलोचनाबाई विधवा. दुकान त्याच चालवायच्या. त्यांनी रीताचा हात हातात घेऊन बोटं पाहिली, काठ पाहिला, "कलाकार आहे जी तुमची पोरगी," म्हणाल्या. चालून दाखव म्हणाल्या नाहीत. त्या एका गोष्टीवर रीता दोन दिवस हवेत होती.

आठवड्यानं सुलोचनाबाईंचा फोन आला. पोरांनी एकमेकांना जरा ओळखावं, सगळे मिळून एक दिवस मोरपहाडीला जाऊ. आंबागडच्या रांगेतल्या त्या टेकडीवर अलीकडे तुमसर-भंडाऱ्याची पोरं फोटो काढायला जायची. वर जाताना तीन जागा लागत. तिथून खालचा मुलूख दिसे, म्हणून त्यांना पहिला पाइंट, दुसरा पाइंट, तिसरा पाइंट म्हणत. तिसऱ्यावर फार थोडे पोचायचे.

"डोंगर चढाचा आहे?" रीतानं बापाला विचारलं.

"फिराले जाऊन राहिलो बाप्पा, फिराले," बाबूलाल म्हणाला. "हळूहळू चढशील."

जानेवारीतला रविवार होता. धुकं अजून बांधांवर होतं, कापलेल्या धानाच्या बांध्यांत लाखोरीचं पीक हिरवं झालं होतं. जीप टेकडीखाली एका मोहाच्या झाडाजवळ थांबली. भूषणची बहीण तेजस्विनी उतरली. कॉलेजात शिकणारी, हातात मोबाइल. तिनं पिशवीतून बूट-मोज्यांचा जोड काढला.

"वहिनी, चप्पल नाई चालत पहाडावर. हे घाला. माझेच आहेत."

वहिनी! रीताला तो शब्द इतका गोड लागला की तिनं पुढचं काही ऐकलं नाही. बूट एक नंबर लहान होते. तळ दोन्हींचा सारखाच होता. उभी राहिली तेव्हा अख्खं अंग डावीकडे कललं, आणि सुलोचनाबाई झाडाखाली सतरंजीवर बसता बसता तिच्याकडे पाहत राहिल्या.

"तुम्ही जा, आम्ही दोघं म्हातारे इथंच बसतो," त्या म्हणाल्या. बाबूलाल तत्परतेनं डबे उतरवू लागला.

पहिल्या पाइंटपर्यंत पाऊलवाट होती. सागाची मोठी वाळकी पानं पायाखाली सरकत, आणि रीता प्रत्येक पावलाला आधी उजवा रोवी, मग डावा ओढून घेई. तेजस्विनी मागून चालत होती. मोबाइल सारखा रीताच्या पायांवर. "आठवण म्हणून," ती हसून म्हणाली. रीताही हसली.

पहिला पाइंट तासाभरात झाला. दुसऱ्याची वाट मोठमोठ्या दगडांतून होती. मुळं धरून अंग वर ओढायचं. डाव्या टाचेची कातडी निघाली होती, मोजा ओला झाला होता, पण रीतानं तोंडातून हूं काढलं नाही. दम लागला तो भूषणला. दुसऱ्या पाइंटच्या चौथऱ्यावर तो धपकन बसला, शर्टानं तोंड पुसलं. तेजस्विनी जरा दूर स्वतःचे फोटो काढत होती.

"तुमाले खरं सांगू?" तो हळूच म्हणाला.

"सांगा ना."

"आई म्हणे, तिन्ही पाइंट चढली तर हो म्हणू. आमच्या घरी बेचाळीस पायऱ्या आहेत जी. सैंपाकघर तिसऱ्या मजल्यावर. पाणी कधी कधी खालून न्यावं लागते."

रीतानं पायातल्या बुटांकडे पाहिलं. "आन् हे बूट?"

"तेजूची आयडिया. म्हणे, चप्पलेत काही समजत नाई."

वारा सुटला होता. खाली मोहाचं झाड मुठीएवढं दिसत होतं.

"माझ्या बाबाले माहीत आहे?"

"त्यायलेच तर आईनं पहिले विचारलं."

भूषण वाईट माणूस नव्हता, हेच अवघड होतं. तो पाण्याची बाटली पुढे करत म्हणाला, "तिसऱ्यावर नका जाऊ. लई खडी आहे. मी सांगीन आईले, गेली म्हणून."

तिला बसावंसं वाटलं. एकदा खरंच वाटलं. पण उद्या जिन्यावर पाय अडला की हाच माणूस आईसमोर काय सांगेल, हे तिला तिथंच, त्याच्या घामेजल्या तोंडाकडे पाहून कळलं. ती उठली.

"मी जाऊन येतो," म्हणाली.

"मी इथूनच झूम करतो," तेजस्विनी ओरडली.

वरचा टप्पा म्हणजे उभा खडक. मध्ये मध्ये फक्त भेगा. रीता दोन्ही हातांनी धरून, पोटावर सरकत गेली. एका भेगेत डावा पाय अडकला आणि ओढताना गुडघा आतल्या आत फिरला. काडी मोडल्यासारखा बारीक आवाज आला. डोळ्यांपुढे पांढरं झालं. तिथून पुढे ती कशी गेली, हे तिला नंतरही नीट सांगता येत नसे. गेली खरी.

वर सपाट दगड होता, दोन खाटा मावतील एवढा. खाली सगळं उघडं पडलं होतं. लाखोरीचे हिरवे तुकडे, तलावांचं ताटल्यांसारखं चमकणारं पाणी, आणि लांब, धुक्याच्या आत, वैनगंगेची करडी रेघ. लोक इथवर येतात ते याच्याचसाठी. रीताला तहान लागली होती. बाटली खाली राहिली होती. आनंद होईल असं तिला चढताना वाटलं होतं. ती वाट पाहत बसली, पण आनंद काही आला नाही. मग ती कडेला जाऊन ओरडली, "भूषणजी! पोचली मी!"

दुसऱ्या पाइंटवर कोणी नव्हतं.

ती बसून बसून उतरली. एक हात टेकवायचा, अंग खाली सोडायचं, पाय ओढायचा. पहिल्या पाइंटवर चार पोरं भेटली, त्यांनी रस्ता दिला आणि मागून तिची चाल करून दाखवली. हसण्यावरून तिला कळलं. खाली पोचायला तीन तास लागले. सलवार मागून फाटली होती, ओढणी तिनं कमरेला गुंडाळली.

सतरंजीवर सगळ्यांचं जेवण झालं होतं. डब्यात दोन आलूबोंडे उरले होते.

"गेली होतीस वरपर्यंत?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"गेली होती."

"व्हिडिओत तर नाई आलं," तेजस्विनी म्हणाली. "झाडं मधात येत होती."

रीतानं भूषणकडे पाहिलं. तो दात कोरत होता. मग तेही थांबवलं आणि जमिनीकडे पाहू लागला.

"गेली असंन बाप्पा," सुलोचनाबाई शांतपणे म्हणाल्या. "मी कायले खोटं म्हणू? पण होणारा नवरा दम लागून बसला, अन् ही त्याले सोडून एकटी पुढे निघून गेली. पाणी तरी विचारलं का त्याले? अशी बाई घरात नांदन का जी?"

बाबूलाल ताडकन उठला. त्यानं हात जोडले. "चुकलं जी तिचं. बिना मायची पोर आहे, समजत नाई तिले. रीता, माफी माग."

गुडघा आता लाकडासारखा झाला होता. रीता झाडाच्या बुंध्याला धरून उभी होती. मनात तिला खूप काही म्हणायचं होतं, आणि त्यातलं पहिलं वाक्य ओठांपर्यंत आलंही. पण बेचाळीस पायऱ्यांच्या वरचं ते स्वयंपाकघर, जे तिनं कधी पाहिलं नव्हतं, ते तिला अजून हवं होतं. याचीच तिला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

"चुकलं," ती म्हणाली.

"असू दे, असू दे," सुलोचनाबाई उठल्या, लुगडं झटकलं. "कळवतो आम्ही."

जीपमध्ये बसताना तेजस्विनीनं बूट मागितले. रीतानं ओढून काढले. आत रक्त पाहून तेजस्विनीनं हात मागे घेतला. "राहू द्या. तुम्हीच ठेवा."

गुडघा बसला नाही. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं आतली शीर तुटली म्हणून सांगितलं, ऑपरेशन सुचवलं. ते झालं नाही. मागाची पावडी दाबताना पाय लटपटायचा, काठ बिघडायचा. फाल्गुनात बाबूलालनं तिच्या मागावर शेजारच्या गल्लीतली मालनबाई बसवली. रीता कोपऱ्यात चरख्यावर सुताच्या कांड्या भरू लागली. ते काम डोळे गेलेल्या म्हाताऱ्या करतात.

एके दुपारी मालनबाई जेवायला गेली असताना रीतानं विचारलं, "बाबा, तुमाले माहीत होतं ना?"

बाबूलालनं तुटलेला धागा जोडता जोडता मान हलवली. "होतं."

"कायले नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू गेली नसती."

"गेली असती," रीता म्हणाली.

बाबूलालचे हात थांबले. धागा तसाच सोडून तो पाणी प्यायला उठून गेला.

लाखनीहून काही कळवलं गेलं नाही. एप्रिलात मात्र भूषणच्या लग्नाची पत्रिका आली, बाबूलालच्या नावानं, सहकुटुंब. मुलगी गोंदियाची होती. जाऊ नका असं रीता म्हणाली नाही, आणि बाबूलालनंही विचारलं नाही. धुतलेलं धोतर नेसून तो सकाळच्या बसनं गेला. समाजात तोंड दाखवावं लागते, एवढंच दारातून म्हणाला.

दिवस मावळायला तो परतला. हातात कागदाची पुडी होती.

"पोरगी कशी आहे?" रीतानं चरखा न थांबवता विचारलं.

"चांगली आहे. भारी आहे अंगानं." तो खाटेवर बसला. "मांडवात दोन पायऱ्या होत्या, त्या चढली तर धापा टाकून राहिली होती."

बाबूलाल तिच्याकडे पाहायचं टाळत पुडी सोडू लागला. आत बुंदी होती, कागदाला तूप सुटलं होतं. त्यानं ती तिच्यापुढे ठेवली आणि हात-पाय धुवायला मागे निघून गेला.

सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं. तिनं कांडी बाजूला ठेवली, बोटं ओढणीला पुसली आणि बुंदी खाल्ली, सगळी.