वणीचा कोळसा आणि एका चहाचा वेळ

मे महिन्यात यवतमाळहून वणीकडे फिरायला कोणी जात नाही. मीही फिरायला गेलो नव्हतो. पण जाऊन आलोच आहे, तर सांगतो.

फोन वैशाली राठोडचा होता. आर्णीजवळच्या तांड्यावरची ही मुलगी वीस वर्षांपूर्वी वणीकडच्या एका छोट्या औष्णिक वीजकेंद्रात माझ्या हाताखाली शिकली. आता तिथला कार्यक्षमता विभाग तीच सांभाळते. कोळशातून किती उष्णता आत गेली आणि किती वीज बाहेर आली, हे ती मोजते. गाडीचं मायलेज काढतात तसं. दर उन्हाळ्यात तिच्या केंद्राचं मायलेज घसरायचं आणि पावसाळ्यात आपोआप सावरायचं. आधीचे मॅनेजर उन्हाला दोष देऊन गप्प बसत. नवे गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. या उन्हाळ्याच्या चाचणीतही आकडा वाईट आला तर काम बाहेरच्या कंपनीला आणि वैशाली स्टोअरमध्ये, असं त्यांनी सांगून टाकलं होतं.

"सर, एकदा येऊन पाह्यता का?" एवढंच ती म्हणाली.

सकाळची एसटी पकडली. पंचाहत्तरी ओलांडल्यामुळे मला तिकीट लागत नाही. म्हातारपणाचा हा फायदा शाळेत कोणी सांगितला नव्हता. डोक्याला ओला दुपट्टा बांधावा आणि सावलीकडची खिडकी धरावी. मी खिडकीशी बसून पाचवी ते सातवीच्या सगळ्या कविता ओठांतल्या ओठांत म्हणून टाकल्या. शेजारच्या बाईंनी काळजीने विचारलं, बरं वाटून नाही राह्यलं का काका? बरं वाटत होतं. करंजीला आलुबोंडा खाल्ला. मिरची वेगळी मागून घ्यावी. मारेगावनंतर कोळशाचे ट्रक भेटू लागतात. पांढरा सदरा घालून गेलात, तर वणीला तो कोणत्या रंगाचा होता हे आठवावं लागतं.

दुपारी वैशालीने आणि मी बॉयलरच्या झाकणांभोवती पेटती उदबत्ती फिरवली. फटीतून थंड हवा आत ओढली जात असेल, तर धूर तिकडे वळतो. ही माझी जुनी पद्धत. लोकांना वाटतं म्हातारा पूजा करतोय. एका झाकणाशी धूर वळला. ते आवळून घेतलं. पण तेवढ्याने आकडा सुधारणार नव्हता, हे दोघांनाही कळत होतं.

रात्री लॉजवर झोपलो. पंखा चालू होता, म्हणजे वीज येत होती.

दुसऱ्या दिवशी तर्री-पोहे खाऊन नमुन्याच्या शेडमध्ये गेलो. पट्ट्यावरून जाणाऱ्या कोळशातून थोडा काढतात आणि त्यावरून सगळ्या कोळशाची उष्णता ठरवतात. धूळ उडू नये म्हणून पाणी मारलेला तो कोळसा काळाभोर चकाकत होता. मारोती नावाच्या कामगाराने नमुना पत्र्यावर पसरला आणि बाजूला चहासाठी स्टोव्ह पेटवला. चहा उकळेपर्यंत कोळसा कडेने सुकून राखाडी झाला. पिऊन होईपर्यंत सगळाच.

नमुना लगेच पिशवीत का बांधला नाही, असं मी विचारलं.

"चहा झाल्याबिगर नाही बांधत काका. राठोड मॅडमचा नियम आहे."

"माझा नाही," वैशाली म्हणाली. "सरांचा आहे."

मला आठवलं. मी शिकवलं ते जुलैत. ओला कोळसा नमुना दळायच्या गिरणीत चिकटायचा, म्हणून मी म्हणालो होतो, एका चहापुरता वारा लागू द्या. आधी वजन करून ठेवा, म्हणजे उडालेलं पाणी हिशोबात धरता येतं, हे सांगायचं राहिलं. जुलैच्या दमट हवेत तेवढ्याने फारसं बिघडत नसे, पण मेच्या झळांत त्या चहाबरोबर पाणी उडून जाई. कोरडा नमुना जास्त उष्णतेचा ठरे, आणि केंद्राने न खाल्लेली उष्णता त्याच्या नावावर लागून मायलेज घसरलेलं दिसे.

एकाच नमुन्याच्या दोन पिशव्या केल्या, एक लगेच बांधून, एक चहानंतर. प्रयोगशाळेच्या भट्टीत दोन्ही सुकवल्या. पहिलीत पाणी कितीतरी जास्त निघालं. वैशालीने तोवरच अहवाल लिहायला घेतला होता. वाकून पाहिलं तर पहिलं वाक्य होतं, 'नमुना घेण्यात माझी चूक झाली.'

अशा वाक्यावर माणूस स्टोअरमध्ये नाही, थेट घरी जातो. मी कागद घेऊन मॅनेजरकडे गेलो आणि चूक तिच्याऐवजी माझ्या नावावर लिहायला सांगितलं.

"तुम्ही तर रिटायर झालात," ते म्हणाले. "तुमच्यावर काय कारवाई करणार?"

"म्हणूनच लिहा," मी म्हणालो.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग लिहिलं.

घरी येऊन आठवडा झाला. नव्या पद्धतीने चाचणी झाली, आकडा सुधारला, वैशाली आपल्या खुर्चीवर आहे. झाकणाची फट सोडली तर केंद्र होतं तसंच चाललंय, फक्त त्याच्याबद्दल आता खरं लिहिलं जातं. प्रवासातून काय आणलं, असं घरात विचारतात. वणीहून आणण्यासारखं काही नसतं. पण शिकवलेलं कोणी मनावर घेत नाही, अशी माझी जन्मभराची तक्रार होती. एका मुलीने वीस उन्हाळे माझा शब्द तंतोतंत पाळला. ती तक्रार मी मागे घेतली आहे.