तीन खाली, दोन उजवीकडे

अँटेनाकाकांच्या घरातला टीव्हीचा बॉक्स एका बुधवारी दुपारी गेला. गेला म्हणजे इंटरनेटवरून सिनेमे, मालिका, गाणी दाखवायचं त्याने बंद केलं. बाकी दिवा लागत होता, पडदा उजळत होता, पण पडद्यावर चार ओळींची एक सूचना येऊन बसली होती आणि हलायचं नाव घेत नव्हती. दारात आलेला पाहुणा आतही येईना आणि जाईही ना, तशी.

काकांनी सारा जन्म लोकांच्या छपरांवर चढून अँटेना बसवण्यात आणि टीव्ही दुरुस्त करण्यात घालवलेला. अशा माणसाला वाचण्यापेक्षा उघडण्याची घाई असते. सूचना न वाचताच त्यांनी बॉक्स उताणा पाडला आणि तळाचे चार स्क्रू काढून बशीत ठेवले. आत बिस्किटाएवढी एक हिरवी पट्टी निघाली. ना कुठे तार सुटलेली, ना कुठे डाख द्यायला जागा. एवढ्याशा जिवाला एवढं मोठं खोकं कशाला, असं पुटपुटत त्यांनी ते परत बंद केलं आणि परगावच्या लेकीला फोन लावला.

"बाबा, उघडलात ना तुम्ही?" लेकीने पहिलं हेच विचारलं.

"बघितलं नुसतं."

"अहो, तो बिघडलेलाच नाही. इतक्या जुन्या बॉक्सना सेवा द्यायची नाही असं कंपनीने ठरवलंय. ती सूचना वाचा की."

"म्हणजे धडधाकट आहे, पण कामावरून काढलाय."

"तसंच समजा."

"मग माझाच धाकटा भाऊ म्हणायचा."

लेक हसली. म्हणाली, आता ढिगाने पर्याय आहेत, मी यादी पाठवते, तुम्ही पसंत करा. पुढच्या रविवारी येतेच आहे, तेव्हा घेऊन येईन. "आणि आईला विचारून करा. तुम्ही दिवसभर हुंदडत असता, टीव्ही तीच बघते."

टीव्ही तीच बघते, हे ऐकून काकांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीजवळच्या खुर्चीत काकू बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर तो निकामी रिमोट तसाच होता.

खरी गोष्ट अशी की काकूंना दिसत नव्हतं. डोळ्यांच्या नसा वाळत जाण्याचा तो आजार, गेलेली नजर परत न देणारा. डावा डोळा आधीच गेला होता; उजव्याला खिडकी कुठे आहे एवढं कळायचं. लेकीला वाटत होतं, आईला जरा कमी दिसतं. बाकीचं काकूंनी झाकून ठेवलं होतं आणि काकांना ताकीद होती. "तिला कळलं तर उद्या गाडी घेऊन येईल आणि दोघांना गाठोड्यासारखं उचलून नेईल. मला हे घर पावलांनी पाठ आहे. तिच्या घरात मी भिंतींना विचारत फिरू का?"

आणि जसं घर पाठ, तसा तो रिमोटही. बॉक्स चालू केला की तीन खाली, दोन उजवीकडे आणि मधलं बटण, म्हणजे जुनी गाणी. चार खाली आणि मधलं, म्हणजे फौजदाराची मालिका. मधल्या बटणावर काकांनी कानशीने एक बारीक खाच मारून दिली होती, अंगठ्याला लागेल अशी. दुपारी काका बाजारात गेले की काकू आपल्या आपण गाणी लावायच्या. दिवसभरात कुणाला न विचारता करता येण्यासारखं तेवढं एकच काम त्यांच्याकडे उरलं होतं. आता तेही गेलं.

यादी आली. काकांनी ती दोनदा वाचली आणि दुसऱ्या दिवसापासून ओळखीच्या घरांत जाऊन, ज्याच्याकडे जे आहे ते पाहायला सुरुवात केली. पाहायला कसलं, न पाहायला! रिमोट हातात घ्यायचा, डोळे मिटायचे आणि गाणी लागतात का ते बघायचं. कारण मात्र कुणाला सांगायचं नाही.

पहिली पाळी शिंपीणबाईंची. या काकांच्या बरोबर खाली राहायच्या. त्यांचं शिलाई मशीन सकाळी सुरू झालं की दिवेलागणीपर्यंत घरघरायचं आणि फक्त वरच्या मजल्यावर ऐकण्यासारखं काही असलं तरच थांबायचं. मशीन थांबलं की वरची माणसं आवाज खाली आणायची, एवढा त्याचा उपयोग होता.

"बोललं की लागतं, काका," शिंपीणबाई अभिमानाने म्हणाल्या. रिमोट तोंडाशी धरून त्यांनी जुनी गाणी मागितली. पडद्यावर बारा चित्रं आली.

"आता?" काकांनी डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं.

"आता यातलं हवं ते बघून निवडायचं."

"बघून," काका म्हणाले आणि उठले.

बँकेतून निवृत्त झालेल्या साहेबांकडे टीव्हीच्या पाठीमागे खोचायची एक काडी होती. रिमोट साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. कुठलं बटण कुठे संपतं ते बोटाला कळेना. काकांनी डोळे मिटून तीन वेळा आवाज वाढवला आणि चौथ्या वेळी टीव्हीच बंद केला. औषधवाल्याकडच्या टीव्हीतच सगळं भरलेलं, वेगळा बॉक्स नको, काडी नको. तिथे काकांना आशा वाटली, कारण रिमोटला चांगली फुगीर बटणं होती. त्यांनी मोजलं: दोन खाली, एक उजवीकडे, गाणी. दुसऱ्या दिवशी खात्री करायला परत गेले, डोळे मिटून दोन खाली, एक उजवीकडे केलं, तर कुणीतरी कुणाच्या तरी कानफटात मारल्याचा आवाज आला.

"अहो काका, ते रोज बदलतं," औषधवाला म्हणाला. "आपण काल काय बघितलं त्याप्रमाणे आज पुढे काय ठेवायचं ते त्याचं तोच ठरवतो. हुशार आहे."

"हुशार कसला? रोज उठून घरातली भांडी हलवणारी सून आहे ही."

चार दिवसांत गल्लीत बातमी पिकली. काका लोकांच्या घरी जाऊन झोपतात, असं साहेबांच्या घरून निघालं. झोपत नाहीत, जप करतात, अशी दुरुस्ती औषधवाल्याने केली. शिंपीणबाईंनी दोन्हींना टाके घालून एक तिसरंच शिवलं आणि माप घ्यायच्या निमित्ताने त्या वर आल्या. "काकू, काकांचं सगळं ठीक आहे ना? नाही म्हणजे, वय झालं की माणूस भ्रमिष्ट होतो एकेक."

"ते लग्नाच्या आधीपासूनच तसे आहेत," काकू म्हणाल्या आणि हात वर करून माप देत राहिल्या.

संध्याकाळी काका घरात आल्या आल्या त्यांनी विचारलं, "लोकांच्या घरी जाऊन डोळे मिटून बसता म्हणे."

"कोण म्हणालं?"

"जिचं मशीन आत्ता थांबलंय ती."

काकांनी चपला कोपऱ्यात ठेवल्या. जरा वेळाने काकूंनी आवाज उतरवून विचारलं, "मग, काय दिसलं?"

"काहीच नाही."

"मला तरी दुसरं काय दिसतं?" त्या हसल्या. "जमलं का एखादं?"

"नाही जमलं."

"राहू द्या मग. मला काही टीव्हीचं एवढं नाही." जुना रिमोट त्यांनी मांडीवरून उचलला आणि चाचपत टेबलाच्या कडेला ठेवला, पाहुण्यांपुढून उष्टी बशी उचलून ठेवावी तसा.

ते काकांना फार लागलं. ही बाई हट्ट करायची, भांडायची, टोमणे मारायची. पण राहू द्या म्हणताना त्यांनी तिला कधी ऐकलं नव्हतं.

ते गच्चीवर गेले. मनात काही खुपलं की वर जायचं, ही त्यांची जुनी खोड. खालचा माणूस त्यांना चेहऱ्याने कमी आणि छपराने जास्त आठवायचा. एके काळी या सगळ्या छपरांवर त्यांच्या हातच्या अँटेना होत्या, माशाच्या काट्यांसारख्या, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून. पडद्यावर मुंग्या आल्या की काकांना बोलावणं यायचं. काका वर चढून दांडा फिरवायचे, घरातलं कुणीतरी खिडकीत उभं राहायचं आणि मग संवाद सुरू. आलं का? नाही. आता? आलं, आलं... गेलं. मागे फिरवा. आलं! तेवढ्यात शेजारीपाजारी मिळून दहा-पंधरा माणसं टीव्हीसमोर दाटीवाटीने बसलेली असायची आणि चित्र आलं की टाळ्या वाजायच्या. वर काकांना त्या ऐकू यायच्या. एवढ्या टाळ्या भल्याभल्या नटांनाही मिळत नसतील.

नाक्यावरच्या दुमजली घराची अँटेना तेव्हा फार खोडकर होती. दर पंधरा दिवसांनी तोंड फिरवून बसायची. काका नट आवळून यायचे, पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. त्या घरच्या थोरल्या मुलीने खिडकीत उभं राहून आलं, गेलं सांगायचं. तिला चित्र पटकन यायचंच नाही. बाकीच्या घरी पाच मिनिटांत उरकणारं काम तिथे पाऊण तास चालायचं. काका नाक्यावरच्या वाऱ्याला दोष द्यायचे. गल्लीचं मत वेगळं होतं, पण गल्ली ते काकांना सांगणार नव्हती. वर्षभराने त्या मुलीशी त्यांचं लग्न झालं आणि काय योगायोग पाहा, नाक्यावरचा वारा पडला.

आता छपरांवर बहुतेक काही उरलं नव्हतं. काकांच्या गच्चीवर त्यांनीच रोवलेला एक गंजका दांडा होता, त्याला कुणीतरी दोरी बांधली होती. काकांनी सवयीने मान वळवून अँटेना जिकडे बघायच्या तिकडे पाहिलं. टेकडीवर टीव्हीच्या प्रक्षेपणाचा मनोरा होता; तो कधीच बंद पडला, असं ते धरून चालले होते. त्याच्या टोकाचा लाल दिवा उघडमीट करत होता.

बंद पडलेल्या मनोऱ्याला कोण दिवा लावतं?

सकाळी दुकान उघडायच्या आधी ते सुट्या भागांच्या दुकानासमोर उभे होते. "मनोरा? चालू आहे की," दुकानदार म्हणाला. "अकरा वाहिन्या, सगळ्या फुकट. पण कुणी घेत नाही. फुकट म्हटलं की लोकांना शंका येते." त्याने मागच्या फळीवरून एक छोटा रिसीव्हर काढला आणि फुंकर मारून धूळ उडवली. सोबतचा रिमोट जुन्या घाटाचा, एक ते नऊ आकड्यांचा, प्रत्येक आकडा रबराचा आणि फुगीर. काकांनी डोळे मिटून अंगठा फिरवला. मधल्या पाचावर एक टिंब होतं. पाच सापडला की वर दोन, खाली आठ, बाजूंना चार आणि सहा. कालचा पाच तोच आजचा पाच.

"काका, खुर्ची देऊ का बसायला?" दुकानदाराने काळजीने विचारलं. बातमी तिथवर पोचली होती.

घरी येऊन काकांनी आधी वाईट ते सांगून टाकलं. "गाणी आहेत, जुने सिनेमे आहेत. पण ते लावतील तेव्हाच ऐकायचे, मागून मिळणार नाहीत. आणि तुझा फौजदार नाही त्यात."

"किती भाग राहिलेत?"

"चार."

"खून कुणी केला ते मला तिसऱ्याच भागात कळलंय. त्यालाच अजून कळत नाहीये. जाऊ दे त्याला." मग हात पुढे करून म्हणाल्या, "बघू तो रिमोट."

त्यांचा अंगठा एकदा सगळ्यावरून फिरला, टिंबावर थांबला आणि तिथेच राहिला.

शनिवारी सकाळी काका नवी अँटेना घेऊन गच्चीवर चढले. एकाहत्तराव्या वर्षी चढू नका, असं काकूंनी बजावलं होतं. काकांनी ऐकल्यासारखं केलं होतं. गंजक्या दांड्याला त्यांनी पट्टी आवळली, तार खिडकीतून आत सोडली आणि तोंड टेकडीकडे केलं. खाली खिडकीत काकू उभ्या राहिल्या.

"आलं का?"

"नाही."

काकांनी बोटभर फिरवली. "आता?"

"नाही हो. जरा डावीकडे."

डावीकडे केली. खालून कुणा बातम्या सांगणाऱ्या बाईचा आवाज तुटत तुटत आला आणि बंद पडला. काकांनी किंचित मागे आणली. बाईचा आवाज स्वच्छ झाला. दोन दिवस पाऊस नाही, वारा बेताचा, असं ती सांगत होती. शब्द न् शब्द वर ऐकू येत होता.

"आता आलं का?"

"अजून नाही," खिडकीतून शांतपणे उत्तर आलं. "उजवीकडे बघा बरं थोडं."

काकांचा हात दांड्यावरच राहिला. दहा-पंधरा माणसांच्या गलक्यात त्या वेळी टीव्हीचा आवाज गच्चीपर्यंत कधी पोचला नव्हता. तिथे एकच आवाज पोचायचा आणि तो जे सांगेल ते खरं मानायचं असायचं. मग त्यांना नाक्यावरची गच्ची आठवली आणि तिथल्या भिंतीला टेकवून ठेवलेली कपडे वाळत घालायची लांब काठी.

ते कठड्यावरून वाकले. "तुमच्या गच्चीवर एक काठी असायची. अँटेनापर्यंत सहज पोचेल अशी."

"असायची."

"मी वाऱ्याला शिव्या देत होतो."

"वारा कुठे तुमच्याकडे वळून बघणार होता," काकू म्हणाल्या. त्यांनी हातातल्या रिमोटचं बटण दाबलं. बातम्या गेल्या आणि एक जुनं गाणं अर्ध्यातून सुरू झालं. कितवं बटण ते काकांनी वरून सांगितलं नव्हतं, कुणीच सांगितलं नव्हतं. गाण्याची एक ओळ झाली, दुसरी झाली.

मग काकूंनी वर तोंड केलं, काका उभे होते त्याच्या जरा बाजूला, आणि त्या जुन्या अँटेनाच्या दिवसांत लावायच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आलंय केव्हाचं. उतरा आता. आणि उद्या पोरगी आली की मीच सांगणार आहे तिला, मला मुळीच दिसत नाही म्हणून. सांगायचं आणि तिच्यासमोर गाणी लावून दाखवायची. मग कशी नेते बघू."

खाली शिंपीणबाईंचं मशीन थांबलं.

"अगं, हळू," काका म्हणाले.

"का? तुम्हाला वर ऐकू नको का यायला?"